ताडपत्रीमागे रामनाथ

८ जानेवारी २००७ रोजी, मी हिशेब ठेवतो त्या गोदामाने ६,४५० रुपये खर्चून मालधक्क्याच्या कोपऱ्यावर एक लोखंडी खांब रोवला. त्यावर पुण्याच्या एका कंपनीने कॅमेरा आणि रडार जोडीने बसवले. ट्रक मागे येताना वाटेत माणूस असला तर भोंगा वाजावा, अशी योजना. चाचणीसाठी कंपनीने विनिताला पाठवले. ती आमच्या रामनाथची मुलगी.

रामनाथ इथल्याच टेमघर गावचा. घरची भातशेती विकली गेली, तिथे गोदामे आली, आणि तो तिथेच शिट्टी वाजवून ट्रक मागे घेऊ लागला. बायको गेल्यापासून घरी एकटाच. विनिता दिवाळीलासुद्धा दोन रात्रींवर राहत नसे.

"चाचणी झाली की मी निघणार, बाबा," तिने आल्याआल्याच सांगितले.

चाचणीत चालायला माणूस हवा होता. रामनाथ पुढे झाला. तो चालू लागला की संगणकाच्या पडद्यावर त्याच्याभोवती चौकट येई आणि त्या चौकटीला नंबर मिळे. मध्ये प्लास्टिकची ताडपत्री टांगलेली. तिच्यामागे तो कॅमेऱ्याला दिसत नसे, रडारला मात्र त्याची हालचाल कळे. दोन्हींची माहिती जुळवून पलीकडेही तोच नंबर निघाला पाहिजे, एवढीच परीक्षा.

नंबर बदलत राहिला. विनिता रोज दुरुस्त्या करी आणि मुक्काम वाढवी. दुपारी बापलेक एकाच डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकट खात. ड्रायव्हर चिडवत, "चाचा, और कितने दिन शूटिंग चलेगी?"

रामनाथ खूश होऊन हात हलवी.

पंधरवडा झाल्यावर विनिता स्वतःच ताडपत्रीमागे जाऊन उभी राहिली. रामनाथ आत आला आणि तिला पाहण्याआधीच खांबासारखा थांबला. ते रडार फक्त हलणारी वस्तू धरते, थांबली की नंबर हरवतो, हे तिनेच त्याला जेवताना सांगितले होते.

"मुद्दाम थांबताय?"

"तुजा यंतर आंधला हाय, मी काय करू?"

"बाबा, कंपनीतले साहेब म्हणतात मला काम येत नाही. काढून टाकतील."

रामनाथने तिच्यासाठी ताडपत्री बाजूला धरली. मग म्हणाला, "जा, बस पडद्यासमोर."

या खेपेला तो न थांबता चालला. ताडपत्रीच्या अलीकडे सात, पलीकडेही सात. विनिता मान खाली घालून वायरी गुंडाळू लागली.

संध्याकाळी धामणकर नाक्याच्या शेअर रिक्षासाठी तिच्याकडे सुटे नव्हते. मी दहा रुपये दिले. रामनाथने मला परत द्यायला खिशातून नोट काढली आणि पुन्हा आत ठेवली.

"राहू द्या, साहेब. ती आली का तीच देल."

या गोष्टीला दोन वर्षे झाली. भोंगा नीट वाजतो. रामनाथ दुपारी ताडपत्रीमागे बसून जेवतो, डबा अजून दोघांना पुरेल एवढा आणतो. मी येत्या मार्चला निवृत्त होईन.

विनिताकडून दहा रुपये अजून येणे आहेत.