राखटेकडीची शेवटची खोली

स्नेहल बिऱ्हाडे पिंप्राळ्यात राहते, एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढते आणि रविवारी दुपारी घरच्या हॉलमध्ये राक्षस चालवते. आम्ही तिच्या मैत्रिणी टेबलाभोवती बसतो. कोणी तलवारबाज होतं, कोणी चेटकीण. समोर काय दिसतंय ते स्नेहल सांगते, त्यावर आपण काय करतो ते आम्ही सांगतो, आणि वार लागला की हुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. तिच्या आईला, रुक्माबाईंना, सुरुवातीला हा जुगार वाटायचा. "जिंकलं कोण?" त्या आतून विचारायच्या. कोणीच नाही म्हटलं की त्यांचा संशय आणखी वाढायचा.

या खेळाच्या मोहिमा छापील पुस्तिकांमध्ये मिळतात. नकाशा, खोल्या, कुठे सापळा, कुठे खजिना, सगळं त्यात असतं. स्नेहलला चाळीसेक वर्षांपूर्वीच्या परदेशी पुस्तिकांचं वेड. एकेक मोहीम ती आमच्यावर चालवून बघते आणि मग इंटरनेटवर मराठीत तिचं परीक्षण लिहिते. चालवल्याशिवाय लिहायचं नाही, हा तिचा नियम. "भाजी न चाखता मीठ कमी म्हणणारे पुष्कळ आहेत," ती म्हणते.

'राखटेकडी' ही त्यातली सगळ्यांची लाडकी मोहीम. तिच्याबद्दल स्नेहलनं लिहिलं: नकाशा अप्रतिम, कोडी भन्नाट, शेवट भिकार. कारण टेकडीखाली राहणारी जमात पुस्तिकेत 'जन्मानेच दुष्ट' आहे. शेवटच्या खोलीत त्यांची लेकरं लपलेली असतात आणि ती मारली तर गुण मिळतात. 'ही खोली मी आमच्या टेबलावर चालवली नाही,' तिनं लिहिलं. 'जन्मावरून माणूस ठरवणारी पुस्तकं आमच्या घरानं केव्हाच नाकारलीत.'

झालं. लोक तुटून पडले. खेळात जात कशाला आणता? ती माणसं नाहीतच, राक्षस आहेत! स्नेहलनं एवढंच उत्तर दिलं: 'ती माणसंच नाहीत, हे वाक्य माझ्या आजोबांनीही ऐकलं होतं.' परीक्षण तिनं तसंच ठेवलं.

मग धुळ्याहून प्रेमराजचा फोन आला. तो तिथे वर्षातून एकदा या खेळांचा मेळावा भरवतो आणि गुण मोजून टेबलांचे नंबर काढतो. "ताई, तुम्ही शेवट गाळून चालवली आणि वर नावं ठेवता. इथे येऊन जशीच्या तशी चालवा, मग बोला."

ती नाही म्हणेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "चालवते. एक शब्द बदलणार नाही."

एसटीनं आम्ही दोघी गेलो. मेळावा एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होता. स्नेहलच्या टेबलावर चौघं बसले: हा खेळ पहिल्यांदाच बघणारे, नरडाण्याच्या कारखान्यातले निंबाभाऊ, कॉलेजात शिकवणारी ज्योती, आणि दोन तरुण. प्रेमराज हाताची घडी घालून मागे उभा राहिला.

स्नेहलनं मोहीम अशी रंगवली की शेजारच्या टेबलावरची माणसं माना वळवून बघायला लागली. निंबाभाऊ तर खुर्चीतून उठून फासा टाकत होते. शेवटी सगळे त्या खोलीच्या दाराशी पोचले.

"आत अंधार आहे," स्नेहल म्हणाली. "कोपऱ्यात लेकरं एकमेकांना चिकटून बसलीत. कुणाकडेच हत्यार नाही. सगळ्यात मोठं तुमच्या कमरेएवढं." मग तिनं पुस्तिका उचलून वाचलं, "'हीदेखील जन्माने दुष्ट आहेत. मारणाऱ्यास गुण द्यावेत.' काय करताय?"

"ती ओळ खेळणाऱ्यांना वाचून दाखवायची नसते!" प्रेमराज पुढे आला.

"जशीच्या तशी म्हणाला होतात ना?"

एका तरुणानं फासा उचलला होता. त्यानं तो मुठीतच ठेवला. निंबाभाऊ खाली बसले आणि सावकाश, आपल्या अहिराणीत म्हणाले, "मी या पोरेस्ले हात लावाव नही."

"भाऊ, खेळ आहे हा," प्रेमराज म्हणाला.

"खेळ शे म्हनीसन काय पोरेस्ले मारानं?"

ज्योतीनं विचारलं, "त्यांना बाहेर काढलं तर पुस्तकात किती गुण आहेत?"

"शून्य," स्नेहल म्हणाली.

"मग शून्य लिहा."

आणि त्यांनी लेकरांना बाहेर काढायला सुरुवात केली. ज्या गावानं या चौघांना मोहिमेवर पाठवलं होतं, त्याच गावच्या पहारेकऱ्यांना चुकवून. याबद्दल पुस्तिकेत अक्षर नव्हतं. "इथे पुस्तक गप्प आहे," स्नेहल म्हणाली, "तेव्हा आता मी बोलते." त्या दिवशी सगळ्यात जास्त आरडाओरडा आमच्या टेबलावर झाला आणि निकालात नंबर शेवटचा आला. "तुम्हीच त्यांना भरीला घातलं," प्रेमराज जाताना म्हणाला.

"मी फक्त वाचलं," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं जुन्या परीक्षणाखाली एक ओळ जोडली: 'जशीच्या तशी चालवून पाहिली. मत तेच.' पुढच्या वर्षी प्रेमराजचा निरोप आला, परीक्षण काढून टाकलंत तर मेळाव्यात टेबल देतो. स्नेहलनं कळवलं की टेबल तुमच्याकडेच असू द्या. त्याच महिन्यात तिनं पिंप्राळ्याच्या विहारातलं सभागृह मागून घेतलं आणि स्वतःचा मेळावा भरवला. माणसं थोडी आली, पण रुक्माबाई स्वतः चहा घेऊन आल्या आणि एका टेबलाशी उभ्या राहून बराच वेळ ऐकत होत्या.

निंबाभाऊ नरडाण्याहून कारखान्यातल्या दोघांना घेऊन आले. त्यांनी स्वतः रचलेली मोहीम अहिराणीत चालवली. स्नेहलनं तिचंही परीक्षण केलं, जराही हात न राखता: सुरुवात दमदार, मधे फार रेंगाळते, नदीवरच्या पुलाचा प्रसंग काढून टाकावा.

निंबाभाऊंनी ते मोबाईलवर दोनदा वाचलं आणि लगेच फोन लावला.

"पूल तठेच ऱ्हाई, ताई," ते म्हणाले.