कप्तानाचा वाकडा दात

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, माणसाला आधी दातांवरून ओळखतात आणि मग तोंडावरून. मला पहिल्यांदा बघून त्या काय बोलल्या, तर "खालचे दोन दाटीत आलेत, चावायला त्रास नाही ना?" मी नाही म्हटलं. "मग चालेल," म्हणाल्या, आणि माझं या घरात येणं पक्कं झालं.

त्यांचा धंदाच तो. त्या दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करतात. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून प्लास्टरचा जबडा ओततात, त्यावर मेणाच्या हिरड्या करतात आणि मेणात एकेक दात बसवतात. हे बसवण्याचं काम वन्संचं. मी त्याच लॅबमधून तयार कवळ्या डब्यांत भरून दवाखान्यांत पोचवते आणि तिथले निरोप परत आणते. घरीही आम्ही एकत्र, कामावरही एकत्र. यजमान म्हणतात, तू माझ्याशी लग्न केलंस की ताईशी, ते एकदा सांगून टाक. वन्संनी स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर सांगतात, बघून झाले सगळे, एकाचाही जबडा पटला नाही.

एका माणसाचा मात्र पटला होता. तो राहतो टीव्हीत.

दर गुरुवारी संध्याकाळी 'नवव्या ताऱ्याकडे' नावाची मालिका लागते. माझा मुलगा पाळण्यात होता तेव्हा ती सुरू झाली, आता त्याला मिसरूड फुटायला आलंय. एक यान पृथ्वी सोडून निघालंय ते अजून पोचलेलं नाही. पोचलं तर मालिका बंद पडेल, एवढं मलाही कळतं. त्या यानाचा कप्तान हे वन्संचं दैवत. तसं म्हटलेलं त्यांना आवडत नाही आणि मलाही नाही, पण दुसरा शब्द सापडत नाही. कप्तान उंच, आवाज खर्जातला, आणि हसला की वरच्या रांगेतला डावीकडचा दुसरा दात किंचित आत वळलेला दिसतो. वन्सं म्हणतात, त्या एका दातामुळे तो खरा वाटतो, बाकी सगळं यान पुठ्ठ्याचं आहे. मी देवाचं आवरून येईपर्यंत निम्मा भाग झालेला असतो आणि उरलेल्यात मला डुलकी लागते. तरी मला सगळी कथा पाठ आहे, कारण दुसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये पुन्हा ऐकावी लागते.

लॅबमध्ये शुक्रवारी दुपारच्या चहाला कप्तानाचा खटला चालतो. एक जुना, कडा उडालेला प्लास्टरचा जबडा आहे. तो ज्याच्या हातात असेल त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी चहा प्यायचा. हा नियम आमच्या मालकांनी काढला, कारण त्याआधी चौघं एकदम बोलायचे आणि फोनवर डॉक्टरांना वाटायचं, इथे मारामारी चाललीय.

कप्तानाच्या विरुद्ध उभा असायचा पिठोबा. त्याचं काम प्लास्टर कालवायचं, साचे भरायचे. भुवयांपासून चपलेपर्यंत कायम पांढरा, म्हणून हे नाव. मला सुरुवातीला बरं वाटायचं नाही, देवाच्या नावाची अशी थट्टा कशाला करायची. पण तोच फोन उचलून "पिठोबा बोलतोय" म्हणायचा, मग मी कोण मनाला लावून घेणारी? तिसरी पॉलिशवाली. ती वयानं लहान, कधी या बाजूला, कधी त्या बाजूला, ज्याच्याकडे बिस्किटं जास्त त्याच्याकडे.

भांडणाचं मूळ असं. पूर्वी कधीतरी कप्तानानं सगळ्यांचं म्हणणं डावलून यान एका धुळीच्या ढगात घातलं. आग लागली, बियाण्यांचं कोठार जळालं आणि इंजिनवाला त्यातच गेला. कप्तानानं सगळ्यांना गोळा करून सांगितलं, चूक इंजिनवाल्याची होती. लोकांनी ते मानलं आणि यान पुढे निघालं. इंजिनवाल्याची मुलगी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. बापाच्या हातून बियाणं जळालं, हे ऐकतच ती वाढली.

वन्संचं म्हणणं, त्या वेळी कप्तान खरं बोलला असता तर लोकांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला असता, यानात बंड झालं असतं आणि सगळेच मेले असते. एवढी माणसं जगवायची तर कप्तानाचं नाव शाबूत राहायला हवं. पिठोबा जबडा टेबलावर आपटून म्हणायचा, मेलेला माणूस उलटून बोलत नाही म्हणून त्याच्या गळ्यात बांधली चूक, यात कसली आली कप्तानी. मग वन्सं विचारायच्या, तुम्ही असता तर काय केलं असतं? पिठोबा म्हणायचा, मी असतो तर ढगात गेलोच नसतो, मला धुळीचा अनुभव आहे. यावर सगळे हसायचे आणि खटला पुढच्या शुक्रवारवर जायचा.

तसा पिठोबा हसवणारा, पण त्याच्या मागे एक काळजी होती. त्याच्या साच्यात अलीकडे हवेचे बुडबुडे राहायला लागले होते. दोनदा काम परत आलं. दुसऱ्या वेळी मालक शांतपणे म्हणाले, आता एक जरी आलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. मालक वाईट नाहीत, पण आमचं निम्मं काम ज्या डॉक्टरांकडून येतं ते फार काटेकोर. पिठोबाच्या घरी बायको अंथरुणावर आहे. त्या दिवसापासून तो प्लास्टर कालवताना बोलायचा थांबला. नुसतं ढवळत राहायचा, लहान मूल झोपवल्यासारखं.

मग तो गुरुवार आला. त्या भागात इंजिनवाल्याची मुलगी, जी आता यानाची दिशा बघते, तिनं कप्तानाला तोंडावर विचारलं, माझ्या वडिलांचं नेमकं काय चुकलं होतं? कप्तानानं नजर वळवली आणि म्हणाला, ते थकले होते. एवढंच. मीही त्या दिवशी जागी होते. वन्सं टीव्ही बंद करून बराच वेळ रिमोट हातात धरून बसल्या.

शुक्रवारी लॅबमध्ये ज्वालामुखीच फुटला. पिठोबानं जबडा सोडलाच नाही. म्हणाला, आता तरी सांगायचं होतं, पोरगी समोर उभी होती, आता कुठलं बंड होणार होतं? वन्संनीही मग नियम मोडला. हातातलं काम खाली न ठेवता, मेण कोरायची सुरी नाचवत त्या बोलत राहिल्या. आता सांगितलं तर तिचं आजवरचं आयुष्य खोटं ठरेल, म्हणाल्या. माणसानं एकदा ओझं घेतलं की शेवटपर्यंत वाहायचं. चहा गार झाला. पॉलिशवाली बिस्किटं घेऊन आपल्या मशीनमागे जाऊन बसली.

वन्संच्या हातात होती एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची कवळी, अजून मेणातली. बाईंनी ती तोंडात घालून बघितली होती, पसंत केली होती. फक्त एक दात सैल वाटला म्हणून वन्संनी काढून पुन्हा बसवला. मग ती पिठोबाकडे गेली. तिथे मेण वितळवून त्या जागी गुलाबी प्लास्टिक भरतात. मग पॉलिश, मग माझी डबी.

पुढच्या आठवड्यात मी त्या काटेकोर डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले तर त्यांनी ती डबी माझ्यासमोर ठेवली. बाईंनी कवळी परत केली होती. एक दात आत वळलाय. डॉक्टर म्हणाले, बाई म्हणतात की आरशात बघितलं तर मी त्या मालिकेतल्या लबाड कप्तानासारखी दिसते, आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं आणि आता हे तोंड घेऊन फिरू का? डॉक्टरांना काही ती मालिका माहीत नव्हती. त्यांचा अंदाज सरळ होता, साचा भरताना प्लास्टर हललं आणि दात सरकला.

मी लॅबमध्ये येऊन निरोप जसाच्या तसा सांगितला. पॉलिशवाली आधी हसली आणि मग मालकांचं तोंड बघून गप्प झाली. मालकांनी कवळी पिठोबासमोर ठेवली. पिठोबानं ती उलटसुलट करून बघितली, हात पांढरे होते ते आणखी पांढरे दिसायला लागले. "हललं असेल माझ्याच हातून," तो म्हणाला. महिनाअखेरपर्यंत थांबा, तोवर मी दुसरं कुणी बघतो, असं सांगून मालक आत गेले.

मी वन्संकडे बघितलं. त्यांनी कवळी उचलली, चष्मा कपाळावर नेऊन डोळ्यांजवळ धरली आणि खाली ठेवली. मग मान खाली घालून पुन्हा मेण कोरायला लागल्या. मला वाटलं, पिठोबासाठी वाईट वाटतंय.

घरी आल्यावर आम्ही दोघी भाजी निवडत बसलो. वन्संनी देठं टोपल्यात आणि पानं कचऱ्यात टाकायला सुरुवात केली तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"सरकलेला दात नाही गं तो," त्या म्हणाल्या. "सरकला असता तर भोवतीची हिरडी फाटल्यासारखी दिसली असती. हिरडी कशी सुरेख कोरलीय. माझा हात आहे तो. बडबडीच्या नादात मी त्या बाईंना कप्तानाचा दात बसवला."

मला आधी हसू आलं. वन्संनाही आलं, मी बघितलं. पण ते तोंडातल्या तोंडात गेलं. मी म्हटलं, उद्या सांगून टाका. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांत माझं एक काम परत आलेलं नाही. डॉक्टर माझ्या नावावर लॅबला काम देतात, माझंच नाव गेलं तर काम जाईल, मग पिठोबा काय आणि आपण काय, सगळेच घरी बसू. हे सगळं त्या अगदी भरभर बोलल्या आणि अचानक थांबल्या. आपण कुणाची वाक्यं बोलतोय, ते त्यांनाच ऐकू आलं असावं.

मी काही शहाणपण सांगितलं नाही, मला जमतही नाही. झोपण्याआधी रोज हात जोडते तसे जोडले आणि त्या दिवशी स्वतःसाठी काही मागितलं नाही, एवढंच.

सकाळी वन्सं माझ्या आधी तयार होऊन बसल्या होत्या. लॅबमध्ये गेल्या त्या सरळ मालकांच्या खोलीत, मला हाताला धरून, जणू मीच गुन्हा केलाय. कवळी टेबलावर ठेवून, कुठे बोट ठेवून काय बघायचं ते दाखवलं आणि म्हणाल्या, चूक माझी आहे, दात मी बसवला, पिठोबाचा काही संबंध नाही. मालकांनी विचारलं, पण असा का बसवला? वन्संनी चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा लावला. शेवटी त्यांनी कप्तानाचं नाव घेतलं. मालक कवळीकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, अगदी तोच आहे की हो.

वन्संचं काम गेलं नाही. मालक म्हणाले, डॉक्टरांशी तुम्ही बोला आणि बाईंची क्षमाही तुम्हीच मागा. वन्सं दोन्ही ठिकाणी गेल्या. डॉक्टरांनी त्यांचं काम काही दिवस तपासून घेईन असं सांगितलं, ते वन्संना फार लागलं. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना बसवून सगळं ऐकलं, बोळक्या तोंडानं खळखळून हसल्या आणि विचारलं, तुम्ही त्याच्या बाजूच्या की काय? मग तासभर त्यांना उठू दिलं नाही. बाई पिठोबापेक्षा कडक निघाल्या.

त्याच सकाळी पिठोबाला मालकांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, हा आनंदानं पीठ उधळेल. तो उठून वन्संच्या टेबलापाशी आला आणि उभाच राहिला.

"काल घरी जाऊन बायकोला सांगितलं, ताई. माझा हात गेला म्हणून. ती रडली. तुम्ही कालच का नाही बोललात?"

वन्सं मान खाली घालून म्हणाल्या, "कालच कळलं होतं. घाबरले."

तो वळून आपल्या साच्यांपाशी गेला. दिवसभर दोघांत शब्द नव्हता. पॉलिशवालीनं चहा आणला, तोही दोघांनी दोन कोपऱ्यांत प्यायला. संध्याकाळी वन्सं माझ्याबरोबर घरी आल्या नाहीत, पिठोबाच्या घरी गेल्या. तिथे त्याच्या बायकोशी काय बोलल्या ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढच्या शुक्रवारी चहाला पिठोबा आपला स्टूल ओढून नेहमीच्या जागी बसला. मालक, पॉलिशवाली, मी, सगळे वाट बघत होतो. त्यानं विचारलं, "मग ताई, आता तरी म्हणाल का, तो चोर आहे?"

"म्हणेन," वन्सं म्हणाल्या. "चुकलाच तो. तेव्हाही आणि आताही. पण माणूस माझाच आहे. आधी मला वाटायचं, त्यानं विचार करून ओझं घेतलं. विचारबिचार काही नव्हता हो. त्याची नुसती जीभ उचलली नाही. एक दिवस नाही उचलली आणि मग रोज जड होत गेली."

पिठोबानं चहा बशीत ओतला, फुंकर मारली. "एक दिवस माफ," म्हणाला. "बारा वर्षं नाही."

"मी कुठे माफ करा म्हणतेय?"

"मग तुमचं म्हणणं तरी काय आहे?"

वन्सं सांगायला लागल्या, आणि मालकांच्या खोलीतला फोन वाजत राहिला.