फ्लॉवरच्या ढगांवरचा दादा

दिवसभर मी लोकांना गोरं करते. नाशकात द्वारका चौकाजवळ फ्लेक्स छापायचं एक दुकान आहे, तिथं मी डिझायनर. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाच्या वडापावच्या गाडीचं उद्घाटन. मोबाइलवर फोटो येतो आणि मागोमाग फोन, "ताई, जरा उजळ करा. पोट आत घ्या. आणि गॉगल टाका." टाकते बापडी. पोट आत घेते, गॉगल चढवते, सांगितलं तर मागे सिंहसुद्धा उभा करते. संध्याकाळी घरी निघाले की चौकात तोच माणूस दुमजली होऊन हात जोडून उभा असतो आणि खाली सिग्नलला तोच स्कूटरवर, पोट सुटलेला, घाम पुसत. शेजारच्या रिक्षावाल्याला पत्ता नसतो की वरचा आणि खालचा एकच आहेत. मला असतो.

सुट्टीच्या दिवशी मात्र माझं राज्य. संगणक तोच, माउस तोच, पण कुणी गोरं करा म्हणत नाही. मग मला जे सुचेल ते मी फोटोंतून जुळवते. खऱ्या वस्तूंचे खरे फोटो, फक्त त्या भलत्याच ठिकाणी. द्वारकेच्या चौकात गाड्यांऐवजी नुसती वांगी अडकून पडलीयत आणि हॉर्न वाजवतायत, असं एक चित्र केलं होतं. एकदा एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या कापून घेतल्या आणि आमच्या देवघरातल्या उदबत्तीच्या पितळी घरात उदबत्त्यांसारख्या खोचल्या. आईने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "पाया पडायचं का नाही, ते सांग आधी."

आमचा मळा शहराच्या कडेलाच आहे. शेवंती, झेंडू, आणि दिवाळीनंतर फ्लॉवर, कोबी. अण्णांचे गुडघे गेल्यापासून सगळं दादाच बघतो. दादा माझ्यापेक्षा मोठा, कामाला वाघ, बोलायला मिश्कील, आणि लग्नाच्या बाजारात बिचाऱ्याला कुणी विचारत नव्हतं. मुलगा शेती करतो म्हटलं की पलीकडून फोनवर शांतता. ती शांतता मी इतकी ऐकलीय की आता ओळखू येते.

म्हणून आईने रस्त्यावरच्या स्टुडिओत नेऊन त्याचा बायोडाट्याचा फोटो काढून आणला. काय सांगू! गळ्याखाली कुणा भलत्याचा कोट चिकटवलेला, चेहरा दुधात बुडवून काढलेला, मागे बर्फाचे डोंगर. आईला फोटो फार आवडला. मी म्हटलं, "आई, हा कोण आहे?" तर म्हणाली, "गप गं, तू तर माणसांना वांग्यात कोंबतेस."

त्या फोटोवर एक स्थळ आलं. पाहुणे ठरल्यापेक्षा लवकर आले. दादा नुकताच वावरातून आलेला, अंगात बनियन, डोक्याला रुमाल, आणि शेजाऱ्यांकडून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणून अंगणात मांडत होता. मुलीचे मामा गाडीतून उतरले, एक खुर्ची ओढून बसले आणि त्यालाच म्हणाले, "ए भाऊ, मुलाला जरा बोलव की. पाहुणे आलेत म्हणून सांग."

"सांगतो," म्हणाला दादा, आणि आत गेला. तोंड धुतलं, नवा शर्ट घातला आणि पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आला. मामांनी त्याच्याकडे बघितलं, मग मोबाइलमधल्या फोटोकडे, मग परत त्याच्याकडे. मुलीच्या मावशीला पदरामागे हसू आवरेना. पोहे झाले, चहा झाला, कळवतो म्हणाले. कसलं कळवतायत!

दादाने तो किस्सा आम्हाला स्वतःच रंगवून सांगितला. मामांची नक्कल इतकी भारी केली की अण्णासुद्धा हसले. पण पुढच्या खेपेला आईने बायोडाट्याचा विषय काढला तेव्हा तो ताटावरून उठला. "आता कुणाला फोटो पाठवायचा नाय. मी हा असाच हे. दारात उभा राहून कुणी मलाच मला बोलवायला सांगणार असंल तर लगीनच नको." त्यानंतर त्याने नकला केल्या नाहीत. घरात आमचा दादा होता, पण त्याची गंमत कुठंतरी गेली होती. मला त्या मामांचा असा राग आला होता की त्यांचा फ्लेक्स माझ्याकडे आला असता तर गॉगल सिंहाला घातला असता.

राग आला की मी चित्र करते. फ्लॉवर काढणीला आला होता. पहाटेच्या दवातला एक मोठा गड्डा स्टुलावर ठेवला, पाला काढला आणि खाली मातीत आडवी होऊन त्याचे फोटो काढले. खालून बघितलं तर अगदी आभाळात दाटून आलेला ढग. मग दादाला म्हटलं, "फवारणीचा पंप पाठीला लाव आणि जरा चालून दाखव."

"कुणासाठी?" त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"माझ्यासाठी. कुणाला पाठवत नाही."

तो उन्हाच्या कडाक्यात, जेवायला येता येता चालला. संगणकावर बघते तर सगळं फसलेलं. ढगांवर कोवळं तिरपं ऊन आणि दादाच्या डोक्यावर भर दुपार. भिंतीवर चिकटवलेल्या कॅलेंडरासारखा दिसत होता. या कामात सगळी मेख उजेडातच असते. गोष्ट कितीही अशक्य असू दे, उजेड एकाच बाजूने आला पाहिजे, नाहीतर डोळा फसत नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी परत चालवलं त्याला. "हिरोला एवढं नाय चालवत," म्हणून कुरकुरला, पण चालला.

एकाच गड्ड्याचे मी ढगच ढग केले, जवळचे ठसठशीत, लांबचे पुसट. त्यावरून दादा चाललाय, पँट दुमडलेली, अनवाणी. पाय पडेल तिथं ढग जरा दाबलाय, खाली सावली. ती नसती तर तो तरंगला असता, आणि आमचा दादा तरंगणाऱ्यातला नाही. पंपाच्या नळीतून औषधाऐवजी शेवंतीच्या पाकळ्या उडतायत आणि खाली नाशिकच्या गच्च्यांवर, पाण्याच्या टाक्यांवर पडतायत. शेवटी चेहरा उरला. सवयीने हात उजळ करायला गेला, अहो, दिवसभर तेच करते मी! पण थांबले. रापलेलं कपाळ, काळी मान, बनियनच्या बाहेरचा खांदा वेगळ्या रंगाचा, सगळं जसंच्या तसं ठेवलं. त्या चित्रात खरा तेवढा दादाच होता.

त्याने बराच वेळ बघितलं. "पंपाचा पट्टा सुतळीनं बांधलाय, ते पण दाखवलंस होय?"

"दाखवणारच."

"लय भारी हे," म्हणाला, आणि मगच घरच्यांच्या ग्रुपवर टाकायला परवानगी दिली. तिथं अंगठे आले, जोडलेले हात आले, एका काकांनी तर वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

आता या ग्रुपवर आमची आत्या आहे. इगतपुरीला असते, आणि जगात कुणी बिनलग्नाचं राहू नये अशी तिची इच्छा आहे. तिचा जुना मोबाइल पाण्यात पडला, त्यात कोटवाला फोटोही गेला. तिने हाच उचलला आणि ओळखीतल्या एका रेल्वेवाल्यांना धाडून दिला. खाली लिहिलं, माझा भाचा, शेती बघतो. तिच्या मते फोटो म्हणजे फोटो.

आईला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई! आधीच शेतकरी म्हणून नाक मुरडतात. आता म्हणतील पोरगं आभाळात फिरतंय, जमीन कुठंय?" दादा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. मी पाठवला नव्हता हो, पण सांगायचं कुणाला?

मग आत्याचा फोन आला. आईने स्पीकरवर टाकला. "मुलगी शाळेत शिकवते," आत्या म्हणाली, "फोटो बघून तिनं एकच विचारलंय. म्हणते, ढग आमच्या इगतपुरीत दारात येऊन पडतात, फुकट. तुमच्याकडचे विकले जातात का?"

दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याच्या ओठाचा कोपरा हलला. "सांग तिला," तो म्हणाला, "जातात, पण पाला काढून द्यावा लागतो." पलीकडे आत्या खो खो हसली. मुलीकडचे येत्या रविवारी येतो म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी त्याचं परत बिनसलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "हसायला ठीक हे गं. पण परत तसंच झालं, तर मी नाय सहन करणार." मी म्हटलं, काही नाही होत तसं. म्हटलं खरं, आणि रात्रीच त्याच्या शर्टाला इस्त्री करून ठेवली.

आणि रविवारी, हायवे मोकळा होता म्हणे, हेही लवकर आले! पोहे अजून कढईत. आई अर्ध्या साडीत. मी खिडकीतून बघितलं. दादा वावरातून सरळ शेजाऱ्यांकडे गेलेला, आणि फाटकातून येत होता तो तस्साच. बनियन, डोक्याला रुमाल, पाय चिखलाने भरलेले, दोन्ही हातांत खुर्च्या. त्याच्या मागोमाग पाहुण्यांची गाडी.

मी त्याचा इस्त्रीचा शर्ट उचलला आणि पळत सुटले. अंगणात पोचेपर्यंत उशीर झाला होता. मुलगी वडिलांच्या आधी उतरली होती. तिने त्याच्याकडे बघितलं, वरपासून त्या चिखलाच्या पायांपर्यंत. दादाने मान खाली घातली आणि खुर्ची मांडायला लागला.

"अय्या, तुम्ही खाली कधी उतरलात?" ती म्हणाली.

दादा थांबला. तिचे वडील गाडीला वळसा घालून आले, हसत म्हणाले, "हेच ना ते पंपवाले? अहो, राहू द्या खुर्च्या, आम्ही घेतो मांडून," आणि त्यांनी त्याच्या हातातली एक काढूनही घेतली.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दादा दुसरी खुर्ची छातीशी धरून तसाच उभा. मी पुढे केलेला शर्ट त्याने बघितलासुद्धा नाही. कानांपर्यंत लाल झाला होता, आणि तो लालपणा कुठल्याही संगणकावर मला जमला नसता.

"ओळखलं गं यांनी," तो मला म्हणाला.