बाबांचं 'यू, यू'

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांजवळ एकच आवाज उरला होता. यू. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं. अंजनगावच्या पानमळ्यात ज्यांची हाक शेतांचे चार धुरे-बांध ओलांडून जायची, ते बाबा अमरावतीला माझ्या घरी खाटेवर पडून दिवसातून चार-पाचदा फक्त 'यू, यू' करायचे. डॉक्टर म्हणाले, येतो तो आवाज जपा, त्याच्याच मागे बाकीचे शब्द येतील. मी शाळेत मराठी शिकवते. मला वाटलं, हे काम आपल्याला जमेल.

पाणी दाखवलं, त्यांनी मान हलवली. कूस बदलून दिली, तरी नाही. आईच्या फोटोकडे बोट केलं, तर डोळे मिटून घेतले. शेवटी अर्थ लावला तो आत्याने. ती चांदूर बाजारहून भेटायला आली, खाटेजवळ बसून दोनदा ऐकलं आणि तिने पदर तोंडाला लावला. आपल्याकडे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येऊ का?' म्हणतं. वाकड्या तोंडातून त्याचंच 'यू' झालं, असं तिचं म्हणणं.

"तो जायाची परवानगी मांगून राह्यला," ती मला म्हणाली. "पोरीनं हो म्हनल्याशिवाय बापाचा जीव नाई सुटत."

आणि मी शिकलेली बाई, हो म्हणाले. बाबांच्या कानाशी वाकून सांगितलं, आमचं सगळं नीट आहे, तुम्ही निश्चिंत मनाने या. बाबांनी डाव्या हाताने खाटेची कडेची पाटी बडवली. आत्या म्हणाली, माया सुटत नाही त्याची. ती गेल्यावरही दोन आठवडे मी रोज सकाळी त्यांना परवानगी देत होते आणि ते रोज पाटी बडवत होते. आज आठवलं की आधी हसू येतं, मग स्वतःचीच चीड येते.

टीव्हीवरच्या मालिकांनी बाबा वैतागायचे. माणसं भराभरा बोलायची आणि यांच्यापर्यंत काही पोचायचं नाही. कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मुलीने एका रविवारी दुपारी मोबाइलवर एक जुना मुका सिनेमा लावला आणि आजोबांसमोर धरला. यात कोणालाच बोलता येत नाही, म्हणाली, आबाजींना बरोबरीचं वाटेल.

काळापांढरा सिनेमा. अंगापेक्षा मोठा कोट घातलेला एक फाटका माणूस आणि रस्त्यावरचं एक कुत्रं. दोघंही उपाशी. माणसाला कुठूनसा पावाचा तुकडा मिळतो. तो त्याचे दोन भाग करतो, मोठा कोणाला द्यायचा याचा बराच विचार करतो, तेवढ्यात कुत्रं दोन्ही भाग गिळून मोकळं होतं. मग कुत्र्याला बांधायला तो कमरेचा पट्टा सोडतो आणि भर रस्त्यात त्याची विजार खाली येते. बाबा हसले. अर्ध्याच तोंडाने, पण खळखळून हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. आम्ही मायलेकींनी एकमेकींकडे पाहायचं टाळलं.

पुढे ते कुत्रं गर्दीत हरवतं. माणूस रस्त्यात उकिडवा बसतो, ओठांचा चंबू करतो, बोटं चोळतो. सिनेमा मुका, त्यामुळे हाक ऐकू येत नाही.

हाक खाटेवरून आली. "यू, यू, यू."

बाबांचा डावा हात खाटेखाली लोंबत होता आणि तीही बोटं तशीच चोळली जात होती.

कुत्र्याला असंच बोलावतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मराठीच्या बाईंना तीन महिने कळलं नाही.

आई गेल्यावर बाबा मळ्यावरच्या झोपडीत राहायला गेले होते. मळा दुसऱ्याचा, राखण यांची. तिथे एक कुत्रं आपणहून आलं आणि राहिलं. मी महिन्यातून एकदा डबा घेऊन जायचे. बाबा भाकरीचा मधला मऊ भाग त्याला घालायचे आणि कडा स्वतः चहात बुडवून खायचे. ते पाहून माझं डोकं फिरायचं. तुम्हालाच पुरत नाही, वर हे लोढणं कशाला, मी म्हणायचे. "त्याले तरी कोन हाय," एवढंच त्यांचं उत्तर. त्याचं नावसुद्धा ठेवलं नव्हतं. यू म्हटलं की ते यायचं.

झटका आला त्या दिवशी आम्ही बाबांना जीपमध्ये आडवं केलं, तेव्हा कुत्रं मागे धावलं. फाट्यावर जीप थांबली, तर त्याने पुढचे दोन्ही पाय जीपच्या पायरीवर ठेवले. मी चप्पल काढून त्याला हाकललं. तेव्हा बाबांच्या तोंडून एक आवाज निघाला. मला वाटलं, कळ आली. मी पाय चेपत बसले.

सिनेमा तसाच सोडून मी बाबांचा हात धरला आणि विचारलं, मळ्यावरचं कुत्रं? त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. उद्या घेऊन येते, मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून अंजनगावला गेले. झोपडीला कुलूप होतं. शेजारच्या मळ्यातला म्हातारा माळी फुलं तोडत होता, त्याला विचारलं.

"तुमी बुढ्याले नेलं तवापासून तो फाट्यावरच बसे," तो म्हणाला. "जीप थांबली का उठे, पाहे, अन् बसे. म्या भाकर नेऊन देऊ, अर्धीबी खाये नाई. आता आठ दिवस झाले त्याले जाऊन. कोन्या गाडीखाली नाई आला. असाच गेला."

आठ दिवस. म्हणजे मी जेव्हा बाबांच्या कानाशी वाकून या म्हणत होते, तेव्हा ते तिथे बसलेलं होतं. पहिल्याच दिवशी मला कळलं असतं, तर ते जिवंत सापडलं असतं.

परतवाड्याला बस बदलेपर्यंत माझं खोटं तयार झालं होतं. घरी पोचले, तेव्हा बाबांना उशीला टेकवून बसवलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या पायांमागे पाहिलं. मी म्हणाले, "बाबा, तो मजेत हाय. शेजारच्या मळ्यात रमला. म्या बोलावलं, पन आला नाई." बाबा दाराकडे पाहत राहिले. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्यानंतर यू आलं नाही. मुलीने तो सिनेमा पुन्हा लावला, डॉक्टरांनी गालावर बोटं ठेवून ओठांचा चंबू करून दाखवला. बाबा गप्प. असेच दोन महिने राहिले आणि गेले.

माझं खोटं त्यांनी ओळखलं की खरं मानलं, हे मला कधीच कळणार नाही. ओळखलं असेल, तर निदान त्यांनी त्याचं दुःख केलं. पण खरं मानलं असेल, तर त्यांची वाट पाहत मेलेल्या त्या मुक्या जिवाने आपल्याला टाकलं, असं समजून माझे बाबा गेले.