कुलूप लावलं होतं

कारखान्यातला वायरमन कामाला वाघ, आणि तोंडाला त्याहून. प्रेस मशीन उघडण्याआधी मेन स्विच पाडायचा आणि त्याला स्वतःचं कुलूप घालायचं, हे त्याने बावीस वर्षं केलं. दुसरी किल्ली मात्र मदतनीस मेहुण्याकडे. नियमात बसत नव्हतं, पण घरचाच माणूस.

त्या दिवशी मेहुण्याचा हात उघड्या मशीनमध्ये असताना एका कामगाराने स्विच वर केला आणि त्याची चार बोटं गेली. कामगार म्हणाला, कुलूप नव्हतंच.

“मी लावलं होतं,” वायरमनने छातीठोकपणे सांगितलं. खोटं बोलत नव्हता हो. मग काढलं कुणी? किल्लीवाल्याने. चौकशीत सांगताना नुसतं कुलूप होतं. बायकोला सांगताना त्याचा खटका ऐकू आला. हॉस्पिटलात मेहुण्याच्या उशाशी बसून तर तो रोज सगळं साग्रसंगीत सांगायचा. हजार दिवसांची कुलपं त्या एका दिवसाला येऊन चिकटली, आणि ऐकणारे शहाणे माना डोलवत राहिले.

तीन आठवड्यांनी स्टोअरकीपरने ते कुलूप त्याच्या हातावर ठेवलं. “घ्या, झालं दुरुस्त. अपघाताच्या दिवशीच सकाळी टाकून गेला होतात.” पावतीवर तारीख होती आणि खाली त्याचीच सही.

त्याने तारीख पुन्हा वाचली. डोळे मिटले की अजून खटका ऐकू येत होता. कुणाशी बोलण्याआधी दोन ओळी खरडल्या असत्या, काय पाहिलं आणि काय नुसतं वाटतंय, तर? पण तेव्हा तोंड आधी चाललं. तो तडक मेहुण्याकडे गेला.

“माझीच चूक रे. कुलूप लावलंच नव्हतं. आत्ता साहेबांना सांगतो.”

“दाजी, माझ्यासाठी खोटं बोलू नका,” मेहुणा म्हणाला. “मीच काढलं. घाई होती. आता सगळं आठवतंय मला. काल साहेबांना लिहूनही दिलं.”

वायरमनने पावती त्याच्यापुढे नाचवली, शपथा घातल्या, शेवटी पाय धरले. मेहुण्याने पावती वाचली. तारीख चुकली असेल म्हणाला.

“अरे, तू काही केलं नाहीस रे,” वायरमन लहान पोरासारखा रडायला लागला.

मेहुण्याने पट्टी बांधलेला हात त्याच्या पाठीवर ठेवला. “असू दे दाजी. माझ्या चुकीचं तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?”