कुकरच्या नंबराचं ॲप

आमच्या गटाचा सचिव मी. मीटिंगचं रजिस्टर माझ्याकडं असतं, पण त्यात नुसते ठराव लिहायचे. खरी मजा ठराव संपून चहा आला की सुरू होते. ॲप बनवून घेतलं त्या वर्षातलं रजिस्टरमध्ये दोनच ओळींत आलंय, बाकी सगळं माझ्या डोक्यात साठलंय!

आधी थोडं सांगतो. कुरुंद्याला आमचा हळदवाल्यांचा गट, आणि गटाकडं हळद शिजवायचा एकच कुकर. काढणी सगळ्यांची एकदमच येते. मागच्या हंगामात नंबरावरून दत्ता आणि किसन हे चुलतभाऊ एकमेकांच्या अंगावर गेले, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. अध्यक्ष नामदेवराव वैतागून म्हणाले, "पुढच्या साली भांडण झालं तर कुकर इकून टाकू आन् गट बंद!"

मी घाईघाईत म्हटलं, "नंबर लावायला ॲप करू." बोललो मी, म्हणजे निस्तरायचंही मलाच होतं.

*

पल्लवी कळमनुरीची. पुण्यातली नोकरी सोडून आता घरूनच वेबसाइट-ॲपची कामं घेते. तिची मुलाखत नामदेवरावांनी घेतली.

"शेती किती तुमच्याकडं?"

"न्हाई, काका."

"मग हळदीतलं काय कळंल तुमाला?"

ती उठून थेट कुकरपाशी गेली. त्या हंगामातल्या शेवटच्या दोघांची हळद शिजायची राहिली होती, तिथं दिवसभर उभी राहिली. संध्याकाळी निघताना तिच्या हातांना, ओढणीला, मोबाइलच्या कव्हरलासुद्धा हळद!

नामदेवराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिलाच द्या काम. बाकीच्या ॲपवाल्यांनी नुस्ते फोटो दाखिवले."

*

मग तिनं विचारलं, "ॲपमध्ये काय काय पाहिजे?" मीटिंगमध्ये सगळे गप्प. नंतर मात्र एकेकानं तिला गुपचूप फोन केला. अठरा सभासद, अठरा फोन, आणि मागणी एकच. "माझं नाव सगळ्यात वर पायजे!"

मी तिला विचारलं, "आता वर कुणाला घालणार?" ती म्हणाली, "दादा, काळजी करू नका. सगळ्यांचं मान्य केलंय."

तिनं असं केलं, की ज्याचा मोबाइल त्याचं नाव यादीत सगळ्यात वर, आणि पुढं त्याचा खरा नंबर. बाराव्या नंबरचा माणूससुद्धा खूश. "बारावा का असंना, वर तर मीच हाय!"

*

गॅरंटीवरून नामदेवरावांनी अर्धा तास घेतला.

"पावसात भिजलं तर?"

"काका, ॲप भिजत नसतं."

"मोबाइल भिजतो की!"

पल्लवीनं तेही लिहून घेतलं. मग यादी छापून भिंतीवर लावायचीही सोय केली.

*

ट्रायलसाठी तिनं रमेश नावाचा एक खोटा शेतकरी घालून त्याला पहिला नंबर दिला, आणि ती यादी चुकून सगळ्यांना दिसली. गावात हलकल्लोळ! कोण हा रमेश? सभासद कधी झाला? काहून पहिला?

गटातले पिराजीमामा म्हणाले, "मी वळखतो त्याला. त्याचा बाप बी असाच मधी घुसायचा!"

पल्लवीनं माफी मागून रमेशला काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी पिराजीमामा छाती काढून सांगत होते, "मीच दम दिला व्हता."

*

हंगामाचा पहिला दिवस. मला धड झोप नव्हती. उजाडता उजाडता कुकरपाशी गेलो. कुकरपुढं टोपल्यांची रांग! आमच्याकडं जुनी रीत, रिकामी टोपली आधी ठेवील त्याचा नंबर आधी. मागच्या साली दत्ताची टोपली किसननं उचलली, तिथूनच सगळं पेटलं होतं.

तिथं उभ्या नामदेवरावांना मी विचारलं, "अध्यक्ष, ॲप असून टोपल्या काहून?"

"ॲपला कळाया नको व्हय, आमी आलोत म्हणून?"

मी भिंतीवरची यादी घेऊन टोपल्या मोजल्या. पहिली, दुसरी, तिसरी... दत्ताची तेवढी आली नव्हती, बाकी सगळ्या बराबर यादीप्रमाणं! जिवात जीव आला.

तेवढ्यात दत्ता आला. कुणाकडं न बघता त्यानं आपली टोपली सगळ्यात शेवटी ठेवली. किसननं खिशातून मोबाइल काढला, बघितला, आणि चालत जाऊन दत्ताची टोपली उचलली.

सगळे जागच्या जागी थिजले. नामदेवरावांनी डोक्याची टोपी काढून हातात घेतली.

किसननं ती टोपली आणून आपल्या टोपलीच्या पुढं ठेवली.

"तुझा चौथा हाय, माझ्या आधी. नीट पाहत जाय की लेका!"