डाव्या डोळ्याचे तीन दिवस

माझं लग्न मोडायला निघालं होतं ते माझ्या डाव्या डोळ्यापायी. आणि तो डोळा बिघडला आईच्या भक्तीमुळे, हे मी तिच्या हयातीत कधी मोठ्याने बोललो नाही.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा. आम्ही जैनाबादला राहायचो. केळी आणि कपाशी मामा बघायचे, मी नावेने तापी ओलांडून बुऱ्हाणपूरला शाळेत शिकवायला जायचो. एका पावसाळ्यानंतर हिवतापाने धरलं, म्हणून शहरातल्या एका डॉक्टरांकडे गेलो. औषधाची बाटली खिडकीतून त्यांच्या मुलीने दिली. बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली होती.

"हलवून घ्या," ती म्हणाली.

"मास्तर आहे मी. वाचता येतं मला," मी तापातल्या तिरसटपणाने म्हणालो.

"वाचता येणारेच हलवायला विसरतात."

मला राग आला आणि मी हट्टाने एकदाही बाटली हलवली नाही. तळाशी बसलेलं सगळं कोयनेल शेवटच्या डोसात आलं. दोन दिवस तोंड कडू होतं. त्या दोन दिवसांत मी ठरवलं, की लग्न करीन तर हिच्याशीच.

मामांनी मध्यस्थ गाठला, पत्रिका जुळल्या, वर्षभरात बघायला जायचा मंगळवार ठरला. हे लग्न जुळावं म्हणून आईने सोळा सोमवार धरले होते. महादेवाला वाहायची धोतऱ्याची फळं तोडून आणायचं काम माझं. आदल्या दिवशीचा सोमवार पंधरावा. नदीकाठी चिवट देठ पिरगाळून फळं तोडली, बोटांवर काटे ओरबाडले, कपाळाचा घाम डोळ्यात गेला म्हणून त्याच हाताने डोळा चोळला आणि विसरून गेलो.

दुपारी वर्गात पुस्तकातली अक्षरं फिसकटायला लागली. खिडकीतलं ऊन डाव्या डोळ्याला सोसेना. संध्याकाळी आईने माझं तोंड वर करून पाहिलं आणि ती खालीच बसली. डाव्या डोळ्याची बाहुली उजवीच्या दुप्पट झाली होती. तिने लगेच मीठ-मोहऱ्या उतरवल्या. सकाळीही बाहुली तशीच. मामा म्हणाले, "डावा डोळा जरासा मिटून ठेव. कोण एवढं निरखून पाहून राहिलं?"

मामांचा सल्ला ऐकणं ही माझी जन्मभराची चूक आहे. डॉक्टरांच्या बैठकीत मी डावा डोळा अर्धा मिटून बसलो. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली, माझ्यासमोर वाकली, आणि उजेड डोळ्यावर आल्यामुळे तो नेमका तेव्हाच पुरता मिटला.

"हा पोरगा तर आँख मारून राहिला," डॉक्टरांची विधवा बहीण म्हणाली. घरात मुलीला आई नव्हती, शब्द आत्याचाच चालायचा.

मी घाबरून दोन्ही डोळे उघडले. ते जास्तच वाईट झालं. डॉक्टर उठले, मला खिडकीशी नेऊन त्यांनी डोळ्यावर हात धरला, काढला, पुन्हा धरला. मग म्हणाले, "एकच बाहुली अशी मोठी होते, ती कधी कधी डोक्यातल्या दुखण्याने."

आत्याने पदर सावरला. आता आम्हाला निरोप मिळणार हे लहान मुलालाही कळलं असतं. मी आईकडे बघितलं नाही.

मुलगी अजून तिथेच उभी होती. माझ्या हातातल्या बशीकडे बघत ती म्हणाली, "काल सोमवार होता. महादेवासाठी धोतरा तुम्ही तोडला का?"

"मीच तोडला," मी म्हणालो.

"बोटांवर काट्यांचे ओरखडे आहेत, अण्णा. हे दुखणं नाही," ती वडिलांना म्हणाली.

डॉक्टर हसले. स्वतःवर हसले असावेत. "आत्याला समजावून सांग," म्हणाले.

ती आत्याकडे वळली. "पंगत मांडलीय असं समज. बाहुली लहान व्हायची तर आपल्या अंगातला एक रस ठरलेल्या पाटावर येऊन बसावा लागतो. धोतऱ्याचा रस येऊन तोच पाट अडवतो. बसतो, पण जेवत नाही. खरा पाहुणा ताटकळत उभा. म्हणून बाहुली उघडीच राहते."

"मग त्या फुकट्याला उठवायचं कसं?" आत्याने विचारलं. तिचा राग अजून उतरला नव्हता, पण पंगत तिला समजत होती.

"खऱ्या पाहुण्यांना लगेच हाकलणारा एक आवरणारा पण अंगात असतो. अण्णांकडे थेंब आहेत, ते त्या आवरणाऱ्यालाच अडवून ठेवतात. मग खऱ्या पाहुण्यांची गर्दी होते, आणि गर्दीत फुकट्याला पाट सोडावा लागतो."

थेंब घातले. भुवई ठणकायला लागली. पोहे निवत गेले आणि दोन्हीकडची माणसं तासभर माझ्या डोळ्यात बघत बसली. बाहुली आकसली, पण थोडीशीच. आत्या म्हणाली, "थोडीशीवर मी पोरगी देत नाही. तीन दिवसांनी या."

ते तीन दिवस मी शाळेत काय शिकवलं ते देवाला ठाऊक. आई दर तासाला बाहुली बघायची. मामांना मी जवळ येऊ दिलं नाही. मला भीती वाटत होती, साधी सरळ भीती, की पोरीचं अनुमान चुकलं असेल आणि डोक्यातच काही असेल, आणि ती खिडकी मला पुन्हा फक्त औषधासाठी दिसेल.

शुक्रवारी एकटाच नदी ओलांडून गेलो. आत्याने अंगणात उन्हाकडे तोंड करून उभं केलं, तीनदा हात धरला, तीनदा काढला. "सारख्याच आहेत," म्हणाली, आणि आत गूळ आणायला गेली.

आईच्या मते सगळं महादेवाने जुळवलं. सोळाव्या सोमवारी मी हाताला फडकं गुंडाळून फळं तोडली आणि वाद घातला नाही.

लग्नानंतर महिन्याभराने मी बायकोला विचारलं, "डोळा तसाच राहिला असता तर?"

ती भाजी निवडत होती. "तर मीच रोज थेंब घातले असते," म्हणाली. "अण्णांना मी त्याच दिवशी सांगून ठेवलं होतं."

आता मला काचबिंदू आहे. बाहुली आकसून ठेवणारे थेंब सकाळ-संध्याकाळ घालावे लागतात. माझा हात थरथरतो, म्हणून ते तीच घालते, आणि आधी बाटली हलवते. हे औषध हलवायचं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक आहे.